पकडलेला एक्सेप्शन पुढे फेकताना

रावेरच्या केळी व्यापाऱ्याचा सी शार्पमधला बिलिंग प्रोग्राम घ्या. वजनाच्या रकान्यात कुणी '१२ क्विंटल' टाकलं की आकडा वाचणारी ओळ फॉरमॅट एक्सेप्शन, म्हणजे 'हा आकडा नाही' असं सांगणारी त्रुटी, फेकते. ही त्रुटी पकडणाऱ्या कॅच भागात पावती क्रमांक लॉग करा (नोंदवून ठेवा) आणि नुसतं 'थ्रो' लिहून अर्धविराम द्या. 'थ्रो ईएक्स' नको (ईएक्स म्हणजे पकडलेल्या एक्सेप्शनला दिलेलं नाव)! त्याने स्टॅक ट्रेस, म्हणजे चूक कुठून कुठे आली त्याची यादी, त्या ओळीपासून नव्याने सुरू होतो, चूक नेमकी कुठे झाली ते पुसलं जातं. मग बसा शोधत.

संदेशात गाडी नंबर जोडायचाय? नवा एक्सेप्शन बनवा, पण जुना दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये द्याच. तो इनर एक्सेप्शन म्हणून टिकतो. पकडलेला एक्सेप्शन साठवून नंतर फेकायचा असेल, तर मूळ स्टॅक ट्रेस जपणारा एक्सेप्शन डिस्पॅच इन्फो हा क्लास डॉटनेट ४.५ पासून (सी शार्प प्रोग्राम ज्यावर चालतात ते व्यासपीठ) आहे. करण्यासारखं काहीच नसेल, तर कॅच लिहूच नका.