चाळीच्या अंगणात विज्ञानाचे प्रयोग कसे दाखवावेत

गणपतीत मुलांसाठी चित्रकला, संगीत खुर्ची, वेशभूषा ठरलेलीच. त्यातली एक संध्याकाळ मंडळाकडून प्रयोगांसाठी मागून घ्या. तिकीट नको, वेगळी वर्गणी नको; बहुतेक सामान स्वयंपाकघरात मिळतं. आमच्या चाळीत असंच केलं, त्यावरून हे सांगतोय.

आधी मुलांना घेऊन एखादा कार्यक्रम बघून या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘चाय अँड व्हाय?’ हा विज्ञानावरच्या गप्पा-प्रयोगांचा कार्यक्रम २००९ पासून चालू आहे, पृथ्वी थिएटर आणि रुपारेल कॉलेजात त्याची सत्रं झाली आहेत आणि प्रवेश मोफत असतो. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला तिकीट पडतं, पण पैसे वसूल होतात. तिथे प्रयोग करणारा प्रश्न नेमका कधी विचारतो, तिकडे लक्ष ठेवा. उत्तर दिसण्याआधी मुलांनी अंदाज बांधला पाहिजे, नाहीतर तो जादूचा खेळ होतो.

मग प्रयोग निवडा. तीन पुरे, वेळ पाऊण तास. फुगा केसांवर घासून भिंतीला चिकटवायचा मोह टाळा. भाद्रपदातल्या मुंबईच्या दमट हवेत स्थिर विद्युत टिकतच नाही. आमचा फुगा तीनदा खाली पडला. तो २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनासाठी ठेवा, तेव्हा हवा त्यामानाने कोरडी असते.

सुरुवात हळदीने करा. हळद कोमट पाण्यात कालवून पांढऱ्या कागदांवर फासा आणि आदल्या दिवशी वाळवा. मुलांना विचारा, “शर्टावर वरण सांडलं, आईने साबण लावला, तर डागाचा रंग कोणता होतो?” निम्मे हात वर जातात. आता कपड्याच्या साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून पिवळ्या कागदावर ‘मोरया’ लिहा. अक्षरं लालसर उमटतात. पुढे विचारा, यावर लिंबू पिळलं तर? सगळ्यांचे अंदाज ऐकून मगच पिळा. लाल पुन्हा पिवळं होतं, कारण हळदीतलं कर्क्युमिन हे रंगद्रव्य अल्कलीत (इथे साबण) लाल आणि आम्लात (इथे लिंबू) पिवळं असतं. आमच्याकडे मागून एक आजी म्हणाल्या, “अरे, हळदीचं कुंकू असंच तर करतात!” अशा माणसाला लगेच पुढे बोलवा. साबणाऐवजी चुना मात्र वापरू नका. डोळ्यात उडाला तर इजा गंभीर होते, आणि साबणाने काम भागतं.

दुसरा, कोल्ड्रिंकचा रिकामा डबा. आत दोन चमचे पाणी घालून गॅसवर उकळा. वाफ जोरात येऊ लागली की सांडशीने धरून गार पाण्याच्या परातीत झटकन पालथा घाला. फट्! डबा चेपतो. वाफेने आतली हवा हुसकावलेली असते, वाफेचं पाणी झालं की आत जवळजवळ काही उरत नाही, आणि बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो वजनाइतक्या जोराने दाबते. हा प्रयोग मोठ्यांनीच करायचा, मांडवाच्या कापडापासून लांब. मुलांसाठी दोन मीटरवर रांगोळीची रेघ ओढा. ती मुलं पाळतात.

शेवटी प्लॅस्टिकची बादली. तळाला वाटीएवढं गोल भोक पाडा, तोंडाला प्लॅस्टिकचा कागद ताणून बांधा, आत उदबत्तीचा धूर भरा आणि कागदावर थाप मारा. धुराचं कडं सुटतं आणि समोरच्याचे केस उडवतं. पंखे आधी बंद करा.

सगळं एकदा घरी करून बघा, आमचा डबा पहिल्यांदा चेपलाच नव्हता, पाणी पुरेसं उकळलं नव्हतं. ध्वनिक्षेपक १० च्या आत बंद होईल अशी वेळ ठरवा.

कार्यक्रम संपल्यावर टेबल लगेच आवरू नका. गॅस बंद करून आत न्या, बादली आणि हळदीचे कागद मुलांच्या हाती द्या, आणि अर्धा तास तिथेच थांबा. खरे प्रश्न तेव्हाच येतात.