एन्टेरोव्हायरस वाढवताना या चुका टाळा

एन्टेरोव्हायरस म्हणजे पोलिओसारखे, आतड्यात वाढणारे व्हायरस. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या प्रत्येकाला व्हायरस बघायची घाई असते. ज्या पेशींवर तो वाढायचा, त्यांच्याकडे मात्र ढुंकून बघितलं जात नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे दुसऱ्या दिवशीच निकाल लावणं. शौचाच्या नमुन्याचा अर्क घातल्यावर 24 तासांच्या आतच आरडी पेशी (माणसाच्या स्नायूच्या कर्करोगातून आलेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या) सुटायला लागल्या, तर आधी अर्काच्या विषारीपणाची शंका घ्या. एका प्रयोगशाळेत नव्या मुलीने सकाळी ट्यूब पाहिली आणि वहीत थेट ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं. मी ती ट्यूब सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. पेशी काळपट, दाणेदार, सगळा थर एकदमच मेलेला. व्हायरसचं काम असं नसतं. आधी इथेतिथे काही पेशी गोल, चकचकीत होतात, मग लागण पसरत जाते. अर्क पातळ करून ताज्या पेशींवर घातला, पुढे पुन्हा नव्या पेशींवर नेला. काहीच वाढलं नाही. नमुना हातपाय अचानक लुळे पडलेल्या लेकराचा होता. त्याच्या निकालाकडे आईबाप डोळे लावून बसलेले असतात, तिथे घाई म्हणजे बेजबाबदारपणाच. मी रोज आधी कंट्रोल ट्यूब, म्हणजे नमुना न घातलेल्या पेशींची ट्यूब बघते, मगच नमुना. पाच दिवस काही दिसलं नाही, तर नव्या पेशींवर आणखी पाच दिवस. यात शॉर्टकट नाही.

दुसरी चूक, पेशी ताणत राहणं. ‘छान तर दिसतायत’ हे कारण मला अजिबात पटत नाही. एल20बी या मुळात उंदराच्या पेशी. पोलिओला आत शिरायला लागणारा माणसाचा रिसेप्टर त्यांच्यात मुद्दाम घातलेला असतो. पेशी टवटवीत दिसूनही पोलिओला दाद देईनाशा झाल्या, तर नमुन्यातला व्हायरस हातचा जातो. 15 पॅसेज (म्हणजे पेशी नव्या बाटलीत वाढवायच्या फेऱ्या) किंवा तीन महिने झाले की फ्रीझरमधली नवी व्हायल काढा.

दोन प्रकारच्या पेशींना मीडियमची, म्हणजे पेशींना पोसणाऱ्या द्रवाची, एकच बाटली वापरू नका.

सकाळी आधी निरोगी पेशींचं काम, व्हायरसचं नंतर.

पेनिसिलिन घातलं म्हणून मायकोप्लाझ्मा, म्हणजे पेशींमध्ये गुपचूप वाढणारा बारीक जीवाणू, मरत नाही. पेनिसिलिन ज्या पेशीभित्तिकेवर घाव घालतं, ती त्याला नसतेच. तपासणी करा.

आणि ओटा नुसत्या स्पिरिटने पुसून मोकळे होऊ नका. एन्टेरोव्हायरसला चरबीचं आवरण नसतं, 70 टक्के अल्कोहोलवर भरवसा ठेवता येत नाही. ताजं हायपोक्लोराइट वापरा, ते ओट्यावर थोडा वेळ राहू द्या, मगच पुसा.