डिसऑर्डर आणि एंटँगलमेंट: प्रोजेक्टमधल्या या चुका टाळा

स्पिन साखळीत (ओळीनं मांडलेल्या क्वांटम चुंबकांत) रँडम फील्ड, म्हणजे डिसऑर्डर, टाकलं आणि एंटँगलमेंट (स्पिनांची क्वांटम गुंतागुंत) मोजणाऱ्या एंट्रॉपीचा आलेख भलताच आला, ही जळगाव-धुळ्याकडच्या एमएस्सी प्रोजेक्टवाल्यांची नेहमीची तक्रार. कोड उसवण्याआधी सरासरी कधी काढली ते बघा.

बरेच जण सगळ्या नमुन्यांच्या (दर नमुन्याला नवं रँडम फील्ड) डेन्सिटी मॅट्रिक्सची, म्हणजे क्वांटम स्थिती मांडणाऱ्या मॅट्रिक्सची, आधी सरासरी काढतात आणि मग एकदाच एंट्रॉपी मोजतात. इथंच घात होतो. दोनच स्पिन घ्या. निम्म्या नमुन्यांत पहिला वर, दुसरा खाली, उरलेल्यांत उलट. एकाही नमुन्यात एंटँगलमेंट नाही. तरी सरासरी मॅट्रिक्समधून एका स्पिनची एंट्रॉपी येते ०.६९३, म्हणजे पुरत्या गुंतलेल्या जोडीइतकी! नमुन्यागणिक एंट्रॉपी काढा, सरासरी शेवटी. जमलं तर हिस्टोग्रामही लावा. डिसऑर्डर वाढवताना साखळी जागीच अडकते (लोकलायझेशन), त्या बदलाच्या बिंदूजवळ आकडे फार पसरतात आणि नुसती सरासरी ते झाकते.

दुसरा घोळ एककाचा. हायझेनबर्ग साखळीत (शेजारच्या स्पिनांत परस्परक्रिया असलेल्या) डिसऑर्डरची ताकद डब्ल्यू ३.५ ते ३.७ च्या आसपास बदल दिसतो असं पेपरांत वाचाल. ते स्पिन-अर्धा ऑपरेटरचं माप. परस्परक्रिया आणि फील्ड या दोन्ही पदांत थेट पाउली मॅट्रिक्स (स्पिन-अर्धा ऑपरेटरच्या दुप्पट) टाकल्या, तर तोच बिंदू ७ च्या पुढं जातो. शिवाय हे आकडे छोट्या साखळ्यांचे. लांब साखळीत काय होतं यावर अजून वाद आहे, तेव्हा रिपोर्टात ‘सिद्ध झाले’ असं ठोकून देऊ नका.

‘डिसऑर्डरनं एंटँगलमेंट संपते’ हे वाक्यही सर्रास दिसतं. अँडरसन लोकलायझेशनमध्ये, म्हणजे कणांत परस्परक्रिया नसताना, एंट्रॉपी थोडी वाढून थांबते. परस्परक्रिया आली की तगड्या डिसऑर्डरमध्येही ती काळाच्या लॉगप्रमाणं रेंगाळत वाढते. बारदारसन, पोलमन आणि मूर यांचा २०१२ चा पेपर याच वाढीवर आहे. साध्या अक्षावर ही वाढ सपाट भासते, म्हणून काळाचा अक्ष लॉगमध्येच घ्या.

राहता राहिला लॅपटॉप. १६ स्पिनला शून्य चुंबकनाच्या विभागात (निम्मे स्पिन वर, निम्मे खाली) १२,८७० स्थिती, मॅट्रिक्स सुमारे १.३ जीबी. १८ ला तीच १९ जीबीच्या घरात, ८ जीबीच्या मशीनवर नाद सोडा. त्यात भुसावळचा मे: मशीन तापून मंदावतं, वर लाइट जाते. प्रत्येक नमुना झाला की निकाल सीडसकट (रँडम आकड्यांचा सुरुवातीचा अंक) फाइलमध्ये लिहून टाका.