पिवळा गहू हिरवा करा: उजेडावर अडणारं एन्झाइम घरच्या घरी

नवरात्रात घटाभोवतीचं धान पिवळंधमक येतं, कारण देवघरात ऊन पोचत नाही. ऊन नसलं की नेमकं काय अडतं, ते मूठभर गव्हात बघता येतं. हरितद्रव्य तयार होताना शेवटाकडे प्रोटोक्लोरोफिलाइड नावाचा रेणू येतो. पीओआर हे एन्झाइम (पेशीतली रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) त्याला धरून बसतं, पण प्रकाश पडल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. दर रेणूमागे पुन्हा उजेड हवा. बाकीची बहुतेक एन्झाइमं अंधारातही बिनबोभाट राबतात.

नागपुरात हे थंडीतच करा. मे महिन्यात पारा 45 कडे सरकला की ओला गहू कोंब येण्याआधीच आंबतो.

आधी गहू रात्रभर भिजवा. औषध लावलेलं बियाणं नको, इतवारीतून आणलेला खाण्याचा गहू चालतो. दोन थाळ्यांत ओलसर माती पसरून दाणे दाटीने पेरा. दोन्ही थाळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोकं कपाटात, फटींना चिकटपट्टी. पाणी रात्री दिवे मालवून, हाताने चाचपून शिंपडा. मोबाइलचा टॉर्च लावून डोकावायचं नाही!

सहाएक दिवसांत बोटभर लांब, फिकट पिवळी पाती मिळतील. अगदी मंद उजेडात चार-पाच पात्यांना मध्यावर फॉइलची अरुंद पट्टी सैलसर गुंडाळा. मग ती थाळी सकाळी खिडकीशी ठेवा, थेट उन्हात नाही. दुसरी कपाटातच राहू द्या.

पहिले दोन-तीन तास काहीच घडत नाही असं वाटेल, आणि इथेच लोक कंटाळतात. खरं तर साठलेल्या प्रोटोक्लोरोफिलाइडचं रूपांतर उजेड पडताच झालेलं असतं, पण तो साठा इतका थोडा की डोळ्यांना दिसत नाही. पुढचा माल पेशीला नव्याने बनवावा लागतो. संध्याकाळपर्यंत हिरवी झाक येते, दुसऱ्या दिवशी पातं हिरवंगार. आता फॉइल सोडा. खाली पिवळा पट्टा तसाच, कडा मात्र जरा धूसर, कारण थोडा उजेड पात्यातूनच आत झिरपतो. पाणी तेच, दाणा तोच, पातंही एकच. या पट्ट्यासाठीच एवढा खटाटोप.

हौस असेल तर बर्डीवरून लाल आणि हिरवा जिलेटीन कागद आणून, असाच अंधारात उगवलेल्या गव्हाच्या दोन वाट्या झाका. प्रोटोक्लोरोफिलाइड निळा आणि लाल प्रकाश चांगला शोषतो, हिरवा फार कमी. पण कागदातून इतर रंगही गळतात, तेव्हा निकालावर फार जोर देऊ नका.

पाइनची रोपं अंधारातही हिरवी होतात, कारण त्यांच्याकडे उजेड न लागणारं दुसरं एन्झाइमही असतं. उजेडावर चालणारी आणखी मोजकीच सापडली आहेत. फोटोलायेज निळ्या प्रकाशात डीएनएची अतिनील किरणांनी झालेली नासधूस दुरुस्त करतं. माणसात ते नाही. त्यावर काम करणाऱ्या अझीझ सँकार यांना डीएनए-दुरुस्तीच्या संशोधनासाठी 2015 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. क्लोरेला शेवाळातलं, मेदाम्लांपासून हायड्रोकार्बन बनवणारं एन्झाइम तर 2017 मध्ये उजेडात आलं.

कपाटातली थाळी फार दिवस विसरू नका. दाण्यातला साठा संपला की कोंब माना टाकतात, मग उजेडात आणूनही उपयोग नाही.