शंभर वर्षांतून एकदा: माझ्या पहिल्या प्रश्नावलीची गोष्ट

मानसशास्त्रात एम.ए. करताना लघुप्रबंधासाठी मी सांगलीत कृष्णाकाठी राहणारे लोक पुराच्या धोक्याबद्दल निर्णय कसे घेतात, हा विषय निवडला. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांचा १९८१ चा प्रयोग तुम्हीही वाचलाच असेल: एका काल्पनिक साथीत ६०० पैकी २०० जणांचे प्राण नक्की वाचतील, असे सांगितल्यावर ७२ टक्क्यांनी तो खात्रीचा पर्याय घेतला, तोच पर्याय ४०० जण दगावतील अशा शब्दांत मांडला, तेव्हा तो घेणारे २२ टक्केच उरले. परीक्षेत हे मी पानभर लिहिले होते, आणि तरीही स्वतःच्या प्रश्नावलीत शब्दांनीच फसले.

माझा प्रश्न होता, ‘शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी तुम्ही घराचा विमा उतरवाल का?’ बहुतेकांनी नकार दिला आणि लोक धोका नाकारतात, असा निष्कर्ष मी लिहूनही टाकला. मग एक आजी म्हणाल्या, ‘२०१९ ला येऊन गेला की गं, आता शंभर वर्षं कशाला येतोय?’ त्या काहीही नाकारत नव्हत्या, माझ्या वाक्याचा सरळ अर्थ घेत होत्या. जलशास्त्रात मात्र त्या शब्दांचा अर्थ दरवर्षी शंभरात एक इतकी शक्यता असा आहे, आणि गेल्या वर्षी पूर आला म्हणून ती यंदा घटत नाही. एकाच घरात तीस वर्षे काढणाऱ्याला तसा पूर निदान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. म्हणजे मी मोजला होता तो लोकांचा निष्काळजीपणा नव्हे, माझ्याच वाक्यातला दोष होता. भरून घेतलेले सगळे फॉर्म बाद झाले.

‘फॉर्म भरून आणा, बाकीचे सॉफ्टवेअर पाहील’ असे म्हणणारे मार्गदर्शक मलाही लाभले होते. त्यांचे ऐकू नका. इंग्रजी प्रश्नावलीचे रातोरात मराठीकरण तर मुळीच करू नका. संख्याशास्त्राला मात्र घाबरण्याचे कारण नाही, ते सरावाने येते.

दुसऱ्या खेपेला मी ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द काढून टाकले आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी फुटांत विचारली, कारण ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. किती फुटांवर सामान माळ्यावर चढवले आणि किती फुटांवर घर सोडले, हे सांगताना कोणीच अडखळले नाही. उलट, पाणी २००५ च्या पुराची खूण ओलांडेपर्यंत आपण थांबून राहिलो होतो, हे अनेकांनी न विचारताच सांगितले.