फ्लॅटमध्ये डीडी फ्री डिश: छत्री कुठे लावावी, सिग्नल कसा पकडावा

डीडी फ्री डिश म्हणजे दूरदर्शनची उपग्रहावरून येणारी फुकट टीव्ही सेवा. तिचा संच साधारण दीड-दोन हजारांत येतो आणि महिन्याचं भाडं काही नसतं. त्यामुळे लोक आधी संच घेऊन टाकतात आणि छत्री कुठे लावायची याचा विचार घरी आल्यावर करतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हा क्रम उलटा ठेवावा. बंगल्यावर किंवा शेतातल्या घरावर छत्रीला आभाळ मिळतंच. इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावर ते मिळेल की नाही, हे बाल्कनीचं तोंड कुठे आहे यावर ठरतं. आणि ते एक पैसाही खर्च न करता तपासता येतं.

आधी एक गैरसमज दूर करू. पूर्वी गच्चीवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना असायचा. तो मुंबईत वरळीच्या, पुण्यात सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे वळवला की चित्र यायचं. दूरदर्शनने ती जुनी ॲनालॉग प्रक्षेपणं २०२२पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद केली. "खिडकीत ठेवा, शंभर चॅनेल फुकट पाहा" अशी जाहिरात करून ऑनलाइन जे चपटे अँटेना विकतात, ते जिथे जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून डझनावारी चॅनेल येतात अशा देशांत कामाचे. इथे त्यावर पैसे घालवू नका. आपल्याकडे फुकट टीव्ही म्हणजे व्यवहारात फ्री डिश, आणि त्यासाठी बाहेर छत्री हवीच.

ही सेवा डिसेंबर २००४मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. सह्याद्रीसकट दूरदर्शनची चॅनेल तर तिच्यावर आहेतच, पण अनेकांना ती हवी असते क्रिकेटसाठी. २००७च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं लागतं. मात्र ते दूरदर्शनच्या स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये ठरवलं. म्हणून खासगी केबलवर दूरदर्शनचं चॅनेल असलं तरी नेमका सामना तिथे दिसत नाही.

आभाळ आहे का, ते आधी बघा

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५. तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाला, म्हणजे सुमात्राच्या पश्चिमेला समुद्रावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातून तो आग्नेयेला आणि बराच वर येतो. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर मुंबईहून त्याची दिशा १३१ अंश आणि क्षितिजापासून उंची सुमारे ५७.५ अंश. पुण्याहून जवळजवळ १३२ आणि ५९, नागपूरहून १४४.५ आणि ६०, पणजीहून १२७ आणि ६१.

म्हणजे पूर्व, आग्नेय किंवा दक्षिणेकडे उघडणारी बाल्कनी किंवा खिडकी असेल तर आशा आहे. पश्चिम आणि उत्तरेच्या बाल्कनीत कितीही महागडी छत्री लावली तरी काही मिळणार नाही. तिथे आड इमारतच येते. त्यांनी सरळ गच्चीचा विचार करावा.

दिशा बरोबर असूनही बहुतेक जण अडकतात ते वरच्या मजल्याच्या स्लॅबमुळे. उपग्रह इतका उंच आहे की बाल्कनीत आत लावलेल्या छत्रीला वरचा सज्जाच झाकतो. ढोबळ हिशेब असा: छत्रीच्या वरच्या कडेपासून स्लॅब दोन मीटर वर असेल आणि बाल्कनीचं तोंड सरळ आग्नेयेला असेल, तर छत्री बाहेरच्या कडेपासून सव्वा मीटरपेक्षा आत नको. तोंड पूर्वेला किंवा दक्षिणेला असेल तर सिग्नल तिरका येतो आणि ही मर्यादा पाऊण-एक मीटरवर येते. छत्री जितकी वर न्याल तितकी ती आणखी कमी होते. म्हणून कठड्याच्या बाहेरच्या अंगाला, स्लॅबपासून खाली लावलेली छत्री उत्तम. काचेच्या खिडकीमागे, लोखंडी ग्रिलच्या आत किंवा जाळीमागे लावू नये.

समोरच्या इमारतीचं गणितही याच कोनावर चालतं. ती तुमच्या छत्रीपेक्षा १६ मीटर उंच असेल तर किमान १० मीटर लांब हवी. झाडांचं मात्र गणित नाही. उन्हाळ्यात विरळ वाटणारा गुलमोहोर पावसाळ्यात पानांनी भरतो, ती पानं ओली होतात आणि सिग्नल जातो.

यापेक्षा सोपी आणि पक्की चाचणी सूर्य करून देतो. ११-१२ मार्चच्या आसपास सकाळी सुमारे सव्वाअकराला, आणि १ ऑक्टोबरच्या आसपास अकराला पाच-सात मिनिटं कमी असताना, महाराष्ट्रातून पाहिलं तर सूर्य बरोबर या उपग्रहाच्या जागी असतो. त्या वेळी बाल्कनीतल्या ज्या कोपऱ्यात ऊन पडतं तिथे छत्री चालते; जिथे सावली, तिथे चालत नाही. ऊन पडलेल्या भिंतीवर खडूने खूण करून ठेवा. थंडीतल्या उन्हावर मात्र विसंबू नका. डिसेंबरात मुंबईत दुपारचा सूर्यसुद्धा ४७-४८ अंशांवरच असतो, म्हणजे उपग्रहाच्या बराच खाली. सज्जाखालून ऊन थेट दिवाणखान्यात येतं आणि छत्रीला मात्र आभाळ नसतं.

मार्च-ऑक्टोबरची वाट पाहायची नसेल तर मोबाइलमधला कंपास वापरा. तो ग्रिल, लोखंडी कठडा आणि खुद्द छत्रीपासून दूर धरा, नाहीतर काटा भलतीकडेच वळतो. शेजाऱ्यांच्या छत्र्याही बरंच सांगतात. डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंशांवर, म्हणजे अगदी शेजारी आहे, त्यामुळे त्यांच्या छत्र्या जवळजवळ तिकडेच बघत असतात. टाटा प्लेचा ८३ अंशांवर आहे. मुंबईत त्या छत्र्या फ्री डिशपेक्षा साधारण २० अंश दक्षिणेला वळलेल्या दिसतील.

बाल्कनी जमत नसेल तर गच्ची

गच्ची सामायिक असते, तेव्हा सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी "लावा हो" वर लावलेली छत्री पुढची कमिटी काढायला लावते. अर्जात दोन गोष्टी स्वतःहून लिहिल्या तर परवानगी लवकर मिळते: गच्चीच्या जमिनीला भोक पाडणार नाही, आणि वायर डक्टमधून नेणार. पहिली अट खरंच पाळा. वॉटरप्रूफिंगला एक भोक पडलं की पावसाळ्यात वरच्या मजल्यावरचं घर गळतं आणि सगळ्यांची बोटं तुमच्या छत्रीकडे वळतात. छत्रीचा पाय जड काँक्रीटच्या ठोकळ्याला बोल्टने बसवा, किंवा कठड्याच्या आतल्या उभ्या बाजूला. छत्री वीजरोधकाच्या टोकापेक्षा बरीच खाली राहू द्या.

चार-पाच घरांना फ्री डिश हवी असेल तर चार-पाच छत्र्या लावण्यापेक्षा एक छत्री आणि मल्टिस्विच (एका छत्रीचा सिग्नल अनेक बॉक्सना वाटणारं उपकरण) लावणं स्वस्त पडतं आणि सोसायटीलाही ते पटतं. एकाच घरात दोन टीव्ही असतील तर दोन आउटपुटचा एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग) पुरतो.

काय घ्यावं

घरात बंद पडलेल्या डीटीएचची स्वतःच्या मालकीची छत्री पडून असेल तर तीच वापरा, फक्त फिरवावी लागेल. एलएनबीवर युनिव्हर्सल लिहिलेलं नसेल तर तो बदला. बॉक्स घेताना एमपीईजी-४ चा घ्या. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर काही चॅनेल दिसतच नाहीत. अलीकडच्या काही टीव्हींत सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो. ट्यूनिंगच्या मेनूत तो पर्याय दिसत असेल तर आधी वायर थेट टीव्हीला लावून बघा, कदाचित बॉक्सची गरजच पडणार नाही. वायर आरजी-६ घ्यावी, तीही शक्यतो अखंड. तीस-चाळीस मीटरपर्यंत सहसा त्रास होत नाही.

बसवणं

सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे खांब उभा सरळ असणं. तो किंचित कलला तर छत्रीवरच्या अंशांच्या खुणा खोट्या ठरतात आणि मग तासभर चाचपडत बसावं लागतं. ओळंबा लावा, दोन बाजूंनी बघा. कठड्याच्या बाहेर छत्री लावायची असेल तर ते काम बाहेर वाकून स्वतः करू नका. पट्टा बांधून काम करणारा माणूस बोलवा, त्याचे पैसे द्या. खाली माणसं चालतात, म्हणून छत्रीला जाड तारेने एक जादा बांधणीही घाला.

जोडणी करताना बॉक्सचा प्लग काढून ठेवा. बॉक्स वायरीतूनच एलएनबीला वीज पुरवतो; प्लग चालू असताना वायरीची मधली तार बाहेरच्या जाळीला टेकली तर बॉक्स बिघडू शकतो. एलएनबीपाशी वायरीला खाली लोंबणारा वळसा द्या, म्हणजे पावसाचं पाणी कनेक्टरात न शिरता तिथूनच गळून जाईल.

सिग्नल पकडणं

बॉक्सच्या मेनूत जीसॅट-१५ किंवा ९३.५ असलेला उपग्रह निवडा आणि एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल, म्हणजे ९७५०/१०६००, ठेवा. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील: स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथकडे बघू नका. एलएनबीला नुसती वीज मिळाली तरी ती वर जाते, छत्री भिंतीकडे बघत असली तरी. खरी पट्टी क्वालिटीची.

छत्रीच्या मागच्या पट्टीवर तुमच्या शहराचा उंचीचा कोन लावा. छत्री दिसायला बरीच उभी वाटेल, जणू समोरच्या इमारतीकडेच बघतेय. या छत्र्यांची रचनाच तिरकी असते, त्यामुळे डोळ्यांवर भरवसा ठेवून ती आणखी वर करू नका. मग तुमच्या शहराच्या दिशेच्या अंशांच्या (मुंबईत १३१) आसपास ती अगदी हळू डावी-उजवी फिरवा. साठ सेंटीमीटरच्या छत्रीची कड अर्धा सेंटीमीटर सरकली की दिशा अंशभर बदलते. बॉक्सला सिग्नल ओळखायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढं थांबून मग पुढे सरकवा. गच्चीवरून "आलं का?" आणि खालून "गेलं!" ही जुनी जुगलबंदी हवी तर करा, पण टीव्हीसमोर बसलेल्याशी व्हिडिओ कॉल लावला तर पट्टी स्वतःलाच दिसते.

क्वालिटी दिसली की लगेच बोल्ट आवळू नका. डावीकडे जिथे ती पडते तिथे खूण करा, उजवीकडे पडते तिथेही करा, आणि मधोमध आणा. उंचीच्या बाबतीतही तसंच. मग एलएनबी त्याच्या पकडीत दोन्ही बाजूंना थोडा-थोडा फिरवून बघा. पुष्कळ जण हा टप्पा सोडून देतात, पण आपल्याकडून हा उपग्रह तिरका दिसत असल्याने एलएनबीच्या फिरकीने बराच फरक पडतो. शेवटी बोल्ट आळीपाळीने आवळा आणि आवळतानाही पट्टीवर नजर ठेवा, कारण शेवटच्या फेऱ्याला छत्री हमखास सरकते.

क्वालिटी चांगली येते पण दूरदर्शनची चॅनेल काही सापडत नाहीत, असं झालं तर बहुधा शेजारचा उपग्रह पकडला आहे. छत्री किंचित हलवून परत शोधा.

कोरड्या दिवशी जेमतेम चालणारी छत्री जूनमध्ये बंद पडते. मुसळधार पावसात काही मिनिटं चित्र जाणं या फ्रिक्वेन्सीवर स्वाभाविक आहे, पण रिमझिम पावसातही जात असेल तर दिशा पूर्ण बसलेली नाही किंवा कनेक्टरात पाणी आहे. आधी कनेक्टर उघडून बघा. तांब्याची तार हिरवट-काळी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या सुमारास चित्र थोडा वेळ गेलं तर छत्रीला हात लावू नका. सूर्य उपग्रहाच्या मागे आलेला असतो, थोड्या वेळात सरकतो.

आणि एखादं खासगी चॅनेल अचानक नाहीसं झालं तर तो छत्रीचा दोष नसतो. फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव होतो, त्यात चॅनेल येतात-जातात, बहुतेक बदल १ एप्रिलच्या सुमारास होतात. त्यानंतर एकदा ऑटो स्कॅन करून घ्या.