शौचालये आहेत, वापर नाही : ग्रामीण स्वच्छतेच्या कामात या चुका टाळा

बांधकाम पूर्ण झाले, फलक लागला, गाव हगणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले आणि दोन वर्षांनी जाऊन पाहावे तर अनेक शौचालयांत पोती, सरपण आणि मोडकी सायकल ठेवलेली. अशा वेळी ‘लोकांची मानसिकताच बदलत नाही’ हे वाक्य हमखास कानावर पडते. ते उच्चारण्यापूर्वी त्या घरात जाऊन शौचालयाच्या भांड्यात पाणी ओतून पाहावे, भांड्यातला मैला खड्ड्यांकडे वळवणाऱ्या चेंबरचे झाकण उचलावे आणि साबण कुठे ठेवला आहे तेही बघावे, असे माझे मत आहे. कारण सवय मोडण्याचे कारण पुष्कळदा माणसाच्या मनात नसून खड्ड्यात, पाण्यात किंवा चार पावलांच्या अंतरात दडलेले असते.

पहिली चूक : शौचालये मोजणे, माणसे न मोजणे

ओडिशातील १०० गावांत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निम्म्या गावांमध्ये शौचालय मोहीम राबवण्यात आली होती. त्या गावांत शौचालय असलेल्या घरांचे प्रमाण सरासरी ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले, तरीही लहान मुलांच्या अतिसारात घट आढळली नाही. याचा अर्थ शौचालये निरुपयोगी आहेत असा नव्हे. घरातील तिघे शौचालयात आणि दोघे शेतात जात असतील, किंवा निम्मी घरे मोहिमेबाहेरच राहिली असतील, तर विष्ठेतून हात, माशी, पाणी आणि अन्नापर्यंत जाणारी रोगाची वाट उघडीच राहते.

म्हणून ‘तुम्ही शौचालय वापरता का?’ हा प्रश्न सोडून द्यावा. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. आज सकाळी घरातील कोण कुठे गेले, हे एकेका माणसाबद्दल सहज बोलण्याच्या ओघात विचारावे. त्याहून खरे उत्तर डोळ्यांना मिळते : भांडे ओले आहे का, दाराच्या कोपऱ्यात कोळ्याचे जाळे आहे का, पाण्याची बादली आत आहे की अंगणात, आणि दारापर्यंतची वाट पायाखालची वाटते की तिच्यावर गवत उगवले आहे.

खड्ड्याविषयीचे गैरसमज

या कामातील निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ खड्ड्यात सापडते, असा माझा अनुभव आहे. पहिला गैरसमज आकाराचा. खड्डा जितका मोठा तितका चांगला असे समजून लोक एकच प्रचंड टाकी बांधतात आणि मग ती भरली तर उपसणार कोण, या धास्तीने तिचा वापर आजारी, वृद्ध आणि पाहुणे यांच्यापुरता राखून ठेवतात. दोन शोषखड्ड्यांची पद्धत ही धास्ती मुळातच काढून टाकते. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. तो भरला की चेंबरमधील त्याच्या नळीचे तोंड वीट लावून बंद करून मैला दुसऱ्याकडे वळवायचा आणि पहिला सुमारे दोन वर्षे तसाच राहू द्यायचा. तेवढ्या काळात त्यातील पाणी व वायू जमिनीत मुरतात, रोगजंतू व जंतांची अंडी बहुतांशी नष्ट होतात आणि आत मातीसारखे, दुर्गंध नसलेले खत उरते.

हे सगळे चेंबरमधल्या एका विटेवर अवलंबून असते. एका घरी झाकण उचलले तेव्हा दोन्ही नळ्यांची तोंडे उघडी होती. गवंड्याने वीट लावली नव्हती आणि लावायची असते हे घरच्यांना कोणी सांगितलेले नव्हते. दोन्ही खड्डे एकाच वेळी भरत होते, म्हणजे विश्रांती कोणालाच मिळणार नव्हती. दुसरीकडे खड्ड्याचा तळ सिमेंटने पक्का केलेला आढळतो. गवंडी ते मजबुतीसाठी करतो, परंतु पाणी मुरायला जागाच न राहिल्याने खड्डा काही महिन्यांत तुडुंब भरतो. तळ मातीचाच ठेवावा आणि भिंतीचे विटकाम जाळीदार असावे. खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा किमान दीड ते दोन मीटर वर आणि खड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर हवा. भेगाळ खडकात हे अंतर बरेच वाढवावे लागते.

वास येतो अशी तक्रार असेल, तर आधी भांड्याखालचा जलबंद, म्हणजे पाणी साचून खड्ड्यातला वास अडवणारी वाकडी नळी, तपासावा : तो फुटला असेल, चुकीचा बसवला असेल किंवा त्यातील पाणी आटले असेल. त्याबरोबर भांड्याचा उतारही पाहावा. तीव्र उताराच्या ग्रामीण भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरते, तर सपाट शहरी भांड्याला त्याच्या कितीतरी पट लागते. ते पाणी डोक्यावरून आणणाऱ्या बाईने शौचालयाला कुलूप लावले, तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार भांडे निवडणाऱ्याला नाही.

हात धुण्याचे व्याख्यान

जंतूंची चित्रे दाखवून हात धुण्याची सवय लागते, हा समज फार चिवट आहे. साबणाने हात धुवावेत हे बहुतेकांना माहीत असते. माहिती आणि कृती यांच्यामध्ये कंटाळा, घाई आणि अंतर उभे असते. आंध्र प्रदेशात २०११ मध्ये राबवलेल्या ‘सुपरअम्मा’ या मोहिमेने आरोग्याचा उपदेश बाजूला ठेवून किळस, मुलांवर चांगले संस्कार करण्याची आईची इच्छा आणि ‘आपल्याकडे सगळे असेच करतात’ ही भावना यांना हात घातला. सहा महिन्यांनंतर, महत्त्वाच्या प्रसंगी साबणाने हात धुण्याचे प्रमाण मोहिमेच्या गावांत ३७ टक्के, तर इतर गावांत ६ टक्के आढळले. ही पाहणी प्रत्यक्ष निरीक्षणाने झाली होती, हेही लक्षात घ्यावे.

तरीही साबण मोरीत आणि शौचालय अंगणाच्या टोकाला असेल, तर कितीही हृदयस्पर्शी मोहीम थकते. पाणी व साबण शौचालयाच्या दाराशी एक आणि स्वयंपाकाच्या जागी एक, असे दोन ठिकाणी कायमचे हवेत. पाच लिटरचा टांगलेला डबा, त्याच्या वरच्या भागाला एक छिद्र, डबा कलवण्यासाठी त्याला दोरीने बांधलेली पायाने दाबायची काठी आणि बाजूला दोरीला ओवलेला साबण, एवढ्यावर थोडक्या पाण्यात चालणारा नळ तयार होतो. साबण मुले उचलून नेतात किंवा तो महाग म्हणून कपाटात ठेवला जातो, अशी अडचण असेल तर दीड लिटर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम कपडे धुण्याची पावडर मिसळून ती बाटलीत भरावी आणि झाकणाला छिद्र पाडावे. हा उपाय देखणा नाही, पण बाटली जागेवर राहते.

लहान मुलांची विष्ठा निरुपद्रवी असते, ही समजूत मात्र स्पष्टपणे खोडावी लागते. ती उकिरड्यावर किंवा गटारात न टाकता शौचालयातच टाकावी आणि त्यानंतर साबणाने हात धुवावेत.

लाज वाटायला लावणे

१९९९-२००० च्या सुमारास बांगलादेशातील राजशाही जिल्ह्यात भारतीय विकास सल्लागार कमल कार यांनी गावकऱ्यांनाच आपल्या गावाचा नकाशा काढून उघड्यावरील घाण कुठे पडते आणि ती फिरून ताटात कशी येते, हे शोधायला लावले. ही पद्धत पुढे अनेक देशांत पसरली. तिचे बळ गावाने स्वतः काढलेल्या निष्कर्षात आहे. उघड्यावर बसणाऱ्यांवर शिट्ट्या वाजवणे, त्यांची छायाचित्रे काढणे, धान्य किंवा दाखले अडवणे ही नक्कल त्या बळाच्या नेमकी उलट आहे. तिचा फटका जागा नसलेल्या, भाड्याने राहणाऱ्या आणि अपंग माणसांनाच अधिक बसतो, आणि पाळत संपताच लोक पुन्हा पहिल्या वाटेने जातात. एखादे घर मागे राहिले असेल तर त्याची अडचण जमिनीची, पैशाची की गुडघ्यांची आहे, हे आधी विचारावे. गुडघेदुखीच्या माणसाला भिंतीला बसवलेला एक आडवा दांडा पुरेसा असतो.

जाहीर करून निघून जाणे

पहिला खड्डा भरतो तोपर्यंत मोहीम संपलेली, कार्यकर्ते पांगलेले आणि गवंडी दुसऱ्या गावी गेलेला असतो. त्यामुळे भेटींचे वेळापत्रक जाहीर समारंभावर न थांबवता पहिला पावसाळा, पाणीटंचाईचे महिने आणि पहिला खड्डा भरण्याचा अंदाजित काळ यांना धरून आखावे, आणि चेंबर उघडून वीट फिरवणे गावातील निदान दोन माणसांकडून, त्यांतील एक बाई, प्रत्यक्ष करवून घ्यावे. खड्डा बंद केला ती तारीख आणि तो कधीनंतर उघडायचा ती तारीख, दोन्ही शौचालयाच्या आतील भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवाव्यात. कागद हरवतो, भिंत मात्र रोज सकाळी समोर असते.